दोन देशांच्या वाहतूक-उत्सर्जनाची तुलना करताय? या चुका टाळा

वाहतुकीतून होणाऱ्या हरितगृह वायूंच्या उत्सर्जनावर 'भारत आणि ब्राझील' अशी तुलना करणारे प्रकल्प नागपुरात दरवर्षी माझ्याकडे तपासायला येतात. विषय मोलाचा, पोट्टे हुशार, पण चुका त्याच त्या. बहुतेकांचं मूळ एकच: आकडा दिसला की तो कशाकशाचा आहे हे न विचारता उचलायचा.

सगळ्यात जास्त त्रास देते ती इथेनॉलची चूक. एका कॉलेजच्या गटाने ब्राझीलची २०२२ ची पेट्रोलविक्री घेतली, लिटरमागे २.३ किलो कार्बन डायऑक्साइड धरून गुणली आणि थेट निष्कर्ष लिहिला. मी विचारलं, "हे पेट्रोल ए की सी?" उत्तर आलं, "मॅडम, पेट्रोल म्हणजे पेट्रोलच ना!" ब्राझीलमध्ये 'ए' म्हणजे निव्वळ खनिज पेट्रोल; पंपावर मिळतं ते 'गॅसोलिना सी', म्हणजे इथेनॉल मिसळलेलं. त्या वर्षी साध्या पेट्रोलमध्ये २७ टक्के इथेनॉल होतं. ऑगस्ट २०२५ पासून ते ३० टक्के झालं. २.३ हा गुणक मात्र निव्वळ खनिज पेट्रोलचा. लाख लिटरचे त्यांनी २३० टन धरले, खनिज इंधनाचे निघतात १६८. आकडा ३७ टक्क्यांनी फुगला आणि प्रकरणभर त्याच आकड्यावर चर्चा!

चूक दाखवली तर रात्रीतून दुसरं टोक गाठलं: इथेनॉलचं उत्सर्जन शून्य. तेही चूक. आयपीसीसीच्या (संयुक्त राष्ट्रांच्या हवामानबदल समितीच्या) पद्धतीत इथेनॉलचा कार्बन डायऑक्साइड ऊर्जेच्या बेरजेत न धरता वेगळा नोंदवतात. पण ते जळताना निघणारा मिथेन आणि नायट्रस ऑक्साइड वाहतुकीतच मोजायचा, आणि उसाला घातलेल्या खताचं उत्सर्जन शेतीच्या खात्यात जातं. २०१४ मध्ये नागपूरच्या रस्त्यावर इथेनॉलची बस धावली. इथल्या मुलांना तरी हे ठाऊक असावं असं मला मनापासून वाटतं. आता आपल्याकडेही २० टक्के मिश्रण आलंय, त्यामुळे ही काळजी दोन्ही देशांसाठी घ्यायची. मी लिटरच्या शेजारी 'यात इथेनॉल किती' हा रकाना भरल्याशिवाय गुणाकाराला हात लावत नाही.

दुसरी चूक विजेची. भारताचे रेल्वेमार्ग जवळपास सगळे विद्युतीकृत झालेत, ब्राझीलच्या मालगाड्या मुख्यतः डिझेलवर चालतात. मग तक्त्यात भारतीय रेल्वेचं उत्सर्जन इवलंसं दिसतं आणि मुलं टाळ्या वाजवतात. अरे, आपली मेट्रो धूर सोडत नाही, पण कोराडी-खापरखेड्याच्या कोळशावरच्या वीजकेंद्रांची धुराडी कोणासाठी पेटलेली असतात? राष्ट्रीय अहवालात गाडीच्या विजेचं उत्सर्जन वीजनिर्मितीत धरतात, वाहतुकीत नाही. विद्युतीकरण चांगलंच आहे, पण ते तुलनेत दाखवायचं तर वीज वेगळ्या ओळीत मोजा. आपल्या ग्रिडवर युनिटमागे साधारण ०.७ किलो कार्बन डायऑक्साइड पडतो. ब्राझीलमध्ये जलविद्युत जास्त, म्हणून तिथे त्याहून बराच कमी. हाच आकडा दोन्हीकडे लावू नका.

बाकीच्या थोडक्यात. सगळं डिझेल वाहतुकीचं नसतं. ट्रॅक्टर, पंप, जनरेटर वगळा. आंतरराष्ट्रीय विमानं आणि जहाजांचं इंधन देशाच्या बेरजेत येत नाही. 'टन कार्बन' दिसलं तर ३.६७ ने गुणल्याशिवाय कार्बन डायऑक्साइडशेजारी मांडू नका. मिथेनचा गुणक (तो कार्बन डायऑक्साइडच्या किती पट तापवतो तो आकडा) जुन्या अहवालांत २१, नंतरच्यांत २५ किंवा २८ असतो. दोन्ही देशांना एकच लावा. आपली इंधनविक्री एप्रिल ते मार्च, त्यांची जानेवारी ते डिसेंबर. म्हणून महिन्यांचे आकडे घेऊन वर्ष जुळवा. नोंदणीच्या आकड्यांवरून गाड्या मोजण्याचा शॉर्टकट तर मला अजिबात मान्य नाही: भंगारात गेलेली स्कूटरही नोंदीत वर्षानुवर्षं जिवंत राहते.

दरडोई आकडा काढलात तर सोबत टन-किलोमीटरमागचं (एक टन माल एक किलोमीटर नेण्यामागचं) मालवाहतुकीचं उत्सर्जनही द्या. १४० कोटींनी भागलं की भारत आपोआप छान दिसतो, आणि ट्रक किती डिझेल पितात हा प्रश्न अहवालातून गायब होतो.