आठवी-नववीच्या वर्गात ‘मॅटर’, कोयता आणि रील यांवर तासिका कशी घ्यावी

नाशिकच्या सातपूर, अंबड, सिडको, पंचवटी, कुठेही पोरांच्या टोळक्याचा ‘मॅटर’ (भांडण, मारामारी) किंवा कोयता नाचवणारी रील असं काही घडलं की शाळा पोलिसांना बोलावते आणि मैदानात सगळ्या मुलांसमोर भाषण होतं. मागच्या रांगा गप्पा मारतात. ज्याला खरंच काही विचारायचंय, तो एवढ्यांसमोर हात वर करत नाही. त्यापेक्षा वर्गवार तासिका घ्या, आठवड्याला एक, सलग सहा आठवडे. सुरुवात आठवीतच करा. दहावीत बोर्डाची घाई असते आणि तोवर ग्रुपही पक्का झालेला असतो.

आधी मुलांकडून प्रश्नांच्या चिठ्ठ्या घ्या. सगळ्यांना एकाच मापाचे कागद, नाव लिहायचं नाही. प्रश्न नसेल त्याने फळ्यावरची ओळ उतरवायची. नाहीतर फक्त लिहिणारा उठून दिसतो आणि चिठ्ठ्या कोऱ्या येतात. चिठ्ठ्या वर्गात वाचू नका. अक्षर ओळखलं जातं. घरी वाचून पुढच्या तासाला आपल्या शब्दांत उत्तर द्या.

सगळ्यात जास्त वेळ नकाराच्या तालमीला. गल्लीतला दादा म्हणतो, ‘मॅटर झालाय, तू काही करू नको, नुसता सोबत उभा राहा.’ इथे ‘नाही म्हणा’ हा सल्ला कुचकामी, कारण लगेच ‘फाटली का?’ ऐकावं लागतं. मान राखून सटकता येईल अशी वाक्यं मुलांकडूनच काढून घ्या: ‘पप्पा गेटवर आलेत’, ‘क्लासला टेस्ट आहे’. मग जोड्या करून दोन-दोन मिनिटं सराव. पहिल्यांदा दादा शिक्षकानेच व्हावं. वर्गातल्या दांडगटाला ती भूमिका दिली की टाळ्या त्यालाच पडतात.

कायद्याच्या तासाला ‘अठराच्या आत काही होत नाही’ हा समज आधी काढा. 2015 च्या बाल न्याय कायद्यानुसार सोळा पूर्ण झालेल्या मुलावर अतिगंभीर गुन्ह्याचा आरोप असेल, तर बाल न्याय मंडळ प्राथमिक पडताळणीनंतर त्याचा खटला प्रौढांप्रमाणे चालवायला पाठवू शकतं. मुलांना बेकायदा कामाला लावणाऱ्या मोठ्यांना याच कायद्यात सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी आहे. दादा आपल्यालाच पुढे का करतो, हे इथे मुलांना आपोआप कळतं. गाडीचंही सांगा: अल्पवयीनाने गाडी चालवताना गुन्हा केला तर पालकांना 25,000 रुपये दंड आणि तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. त्या मुलाला पंचविशीपर्यंत लायसन्स नाही.

‘कोणाला सांगणार नाही’ असं वचन मुलाला कधीच देऊ नका. लैंगिक अत्याचाराची माहिती मिळाली की पॉक्सोनुसार (मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धचा कायदा) ती पोलिसांना कळवावीच लागते. ‘मदत करू शकतील तेवढ्यांनाच सांगेन’ इतकंच म्हणा. 1098 हा मुलांसाठीच्या हेल्पलाइनचा नंबर वहीच्या शेवटच्या पानावर लिहून घ्या. एखाद्या मुलाचं नाव गुन्ह्यात आलं, तर ते शिक्षकांच्या वा पालकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर फिरता कामा नये. ओळख उघड करणं हाच गुन्हा आहे.

सलग तीन दिवस गैरहजेरी दिसली की वर्गशिक्षकांनी फोनवर न भागवता घरी जावं. आणि त्रास देतो म्हणून शाळा सोडल्याचा दाखला मुलाच्या हातात ठेवू नका. मग तो दिवसभर टपरीवरच्या त्याच दादाजवळ बसतो. दिवाळीच्या सुट्टीनंतर नकाराची तालीम पुन्हा एकदा घ्या, सुट्टीत नवे ग्रुप जमलेले असतात.