नारळाचा रस फुटतो, काजूची पेस्ट रवाळ राहते: या चुका टाळा

कोकणातल्या स्वयंपाकात साय-दह्यावाचून दाटपणा येतो तो नारळ आणि काजूमुळे. दोन्ही बिघडतात, पण कारणं वेगळी असतात.

रस उकळू देणं

सगळ्यात जास्त घोटाळा इथे होतो. नारळाचं दूध म्हणजे पाण्यात विखुरलेले तेलाचे बारीक थेंब. नारळातली प्रथिनं त्यांना धरून ठेवतात. साधारण ८० अंश सेल्सिअसच्या पुढे ही प्रथिनं गोठू लागतात आणि आंबट पडलं की आणखी लवकर. मग तेल वर तरंगतं, खाली पाणी उरतं आणि मध्ये दह्यासारखे कण दिसतात.

म्हणून क्रम पाळा. भाजी पातळ, म्हणजे त्याच खोबऱ्यात दुसऱ्यांदा पाणी घालून काढलेल्या दुधात शिजवा. आमसुलं किंवा चिंच याच वेळी घाला, चार-पाच मिनिटं उकळू द्या. दाट दूध सर्वांत शेवटी, आच अगदी मंद करून. एकाच दिशेने ढवळत राहा, कडेला बारीक बुडबुडे दिसले की गॅस बंद. झाकण ठेवू नका. आतली वाफ कोंडते आणि तुमचं लक्ष नसताना रस उकळतो.

जुन्या हातांची युक्ती अजूनही उत्तम आहे: एका नारळाच्या वाटपात अर्ध्या तासाआधी भिजवलेले २ चमचे तांदूळ वाटायचे. तांदळातल्या पिठामुळे रस दाट होतो आणि सहसा फुटत नाही.

फुटलाच तर? भांडं उतरवा, कोमट होऊ द्या. १ चमचा तांदळाचं पीठ ३ चमचे थंड पाण्यात कालवून घाला, मिक्सरमधून एकदा फिरवा आणि मंद आचेवर फक्त पीठ शिजेपर्यंत गरम करा. पूर्वीसारखा गुळगुळीत होणार नाही, पण पानात वाढण्याजोगा नक्की होतो.

दूध काढतानाच्या चुका

एका मध्यम नारळाच्या खोबऱ्याला पहिल्या वेळी १ वाटी कोमट पाणी पुरे. उकळतं पाणी नको, मिक्सर सलग दोन-तीन मिनिटं फिरवणंही नको. खोबरं तापून तेल सुटतं. थांबून थांबून फिरवा. खोवताना करवंटीजवळची तपकिरी साल आली तर रस करडा दिसतो आणि किंचित कडवट लागतो. खवट नारळाला मात्र काहीच उपाय नाही, फोडल्यावर आधी चाखून पाहा.

सोलकढी तापवायचीच नाही. आगळात, म्हणजे कोकमाच्या खारवलेल्या रसात, मीठ असतं, तेव्हा वेगळं मीठ चव घेऊनच. फ्रीजमध्ये तिच्यावर घट्ट थर बसतो, तो नासल्याचा नव्हे: खोबरेल साधारण २४ अंशांखाली गोठतं. बाहेर काढून ढवळली की पुरे. काढलेलं दूध मात्र त्याच दिवशी वापरा, आपल्या दमट हवेत ते चटकन आंबतं.

काजू

पेस्टसाठी महाग अख्खा काजू कशाला, तुकडा चालतो. भाजलेला नको, रंग बदलतो आणि पेस्ट मऊ होत नाही. अर्धी वाटी काजू गरम पाण्यात ३० ते ४० मिनिटं भिजवा. वाटताना आधी फक्त ३-४ चमचे पाणी घाला. सुरुवातीलाच भरपूर पाणी ओतलं तर तुकडे पात्याखालून निसटतात आणि पेस्ट रवाळ राहते. गुळगुळीत झाल्यावर उरलेलं पाऊण वाटी पाणी थोडं थोडं घाला.

काजूत पिष्ट असतं, त्यामुळे रस्सा तापला की आळतो, गार झाला की आणखी आळतो आणि ढवळला नाही तर बुडाला लागतो. म्हणून गॅसवर असताना हवा त्यापेक्षा थोडा पातळच ठेवा. दुसऱ्या दिवशी गोळा झालाच, तर गरम पाणी घालून सैल करा. नारळाच्या दाट दुधाला जपावं लागतं तसं इथे उकळीला भ्यायचं कारण नाही, काजूचा रस्सा दोन-तीन मिनिटं नीट उकळला नाही तर कच्चा लागतो.