थँक्सगिव्हिंगची टर्की: जेवण गुरुवारी, तयारी शनिवारपासून

टर्की बिघडण्याचं सगळ्यात मोठं कारण म्हणजे ती फ्रीजरमधून उशिरा बाहेर निघते. बुधवारी रात्री दगडासारखी टणक टर्की सिंकमध्ये ठेवून बसलेली घरं दरवर्षी दिसतात. म्हणून वेळापत्रक आधी, मसाले नंतर.

अमेरिकेत थँक्सगिव्हिंग नोव्हेंबरच्या चौथ्या गुरुवारी येतं आणि आपल्याकडे कितीतरी जण गुरुवारी सामिष खात नाहीत. काही वर्षी मार्गशीर्षातला पहिला गुरुवारही नेमका तोच असतो. त्यामुळे मराठी घरातल्या या पंगतीत टर्कीइतकंच महत्त्व सोबतच्या पदार्थांना आहे. माझा आग्रह असा, की टर्की आणि तिची ग्रेव्ही सोडून बाकी सगळं शाकाहारी करा. मग कुणालाही ताटात काय चालेल ते विचारत बसावं लागत नाही.

टर्की केवढी घ्यायची? हाडांसकट माणशी सव्वा ते दीड पाउंड धरा. आठ-नऊ खाणाऱ्यांना १२ पाउंडांची पुरते. त्याहून मोठी घेण्यापेक्षा दोन लहान बऱ्या, कारण मोठ्या टर्कीच्या मांड्या शिजेपर्यंत छातीचं मांस कोरडं पडतं.

शनिवारी टर्की वेष्टनासकट खोल ताटात ठेवून फ्रीजच्या सगळ्यात खालच्या कप्प्यात ठेवा. दर ४-५ पाउंडांना २४ तास लागतात, म्हणजे १२ पाउंडांना जवळजवळ तीन दिवस. ओट्यावर ठेवून बर्फ काढू नका. आत गोठलेलं असतानाच बाहेरचं मांस खराब व्हायला लागतं. उशीर झालाच, तर वेष्टन न काढता थंड पाण्यात बुडवा, दर अर्ध्या तासाने पाणी बदला आणि पाउंडाला अर्धा तास धरा. अशी सुटलेली टर्की लगेच शिजवावी लागते.

मंगळवारी संध्याकाळी वेष्टन काढा. पोटात हात घालून मान बाहेर काढा आणि काळीज वगैरेची कागदी पिशवी शोधा. ती कधीकधी मानेच्या बाजूच्या कातडीखाली असते. टर्की नळाखाली धुऊ नका. कोंबडी धुऊन घ्यायची आपली सवय असते, पण त्या शिंतोड्यांतून जंतू सिंकभर आणि ओटाभर पसरतात. पेपर टॉवेलने नीट टिपून घ्या.

आता मीठ. दर ५ पाउंडांना १ टेबलस्पून जाड कोशर मीठ, साधं बारीक मीठ असेल तर निम्मं. छातीवरची कातडी बोटांनी हलकेच सोडवून थोडं मीठ आत मांसाला चोळा, उरलेलं बाहेरून आणि पोटातून. वेष्टनावर मिठाचं पाणी घातल्याची नोंद असेल, तर हे मीठ बरंच कमी करा. टर्की न झाकता पुन्हा फ्रीजमध्ये. मिठाने आधी पाणी सुटतं, मग तेच खारं पाणी मांसात मुरतं. दरम्यान कातडी कोरडी होते आणि भाजल्यावर कुरकुरीत लागते.

बुधवार सोबतच्या पदार्थांचा. क्रॅनबेरी सॉससाठी १२ औंस क्रॅनबेरी (लाल, आंबट फळं), १ कप साखर, १ कप पाणी एकत्र उकळा. फळं पटापट फुटू लागली की दहा मिनिटांत गॅस बंद करा. पातळ वाटलं तरी थांबा, गार झाल्यावर ते आपोआप आळतं. पंपकिन पायही आजच भाजून ठेवा. तयार पारी आणली असेल तर घटक वाचा, काहींत डुकराची चरबी असते. रताळ्यांवर मार्शमेलो घालणार असाल तर त्यात प्राण्यांपासून काढलेलं जिलेटिन असतं. त्याऐवजी भाजलेले पेकन (अक्रोडासारखा सुकामेवा) घाला, चवही जास्त चांगली येते.

स्टफिंगसाठी, म्हणजे टर्कीसोबतच्या पावाच्या सारणासाठी, पाउंडभर पावाचे तुकडे वाळवा. लोण्यात दोन कांदे आणि चार दांड्या सेलरी परता, सेज आणि थाइमची सुगंधी पानं, मिरपूड घाला. भाज्यांच्या स्टॉकने ओलं करून ट्रेमध्ये भरा. हे टर्कीच्या पोटात भरू नका. आतलं सारण पुरेसं तापेपर्यंत बाहेरचं मांस वाळून जातं.

ग्रीन बीन कॅसरोल हा पदार्थ १९५५ मध्ये कॅम्पबेल सूप कंपनीत डॉर्कस रायली यांनी बसवला आणि तो आजही तितकाच सोपा आहे: उकडलेली फरसबी, मशरूम सूपचा डबा, अर्धा कप दूध, वर तळलेला कांदा. कांदा शेवटच्या पाच मिनिटांतच पसरा.

गुरुवारी पाचला जेवायचं असेल, तर साडेबाराला टर्की ३२५ अंश फॅरेनहाइटच्या ओव्हनमध्ये जायला हवी. कातडीला मऊ लोणी चोळा, पॅनच्या तळाशी कांदा, गाजर, सेलरी आणि दोन कप पाणी. १२ पाउंडांना साधारण तीन तास लागतात, पण घड्याळावर विसंबू नका. अडीच तासांनंतर थर्मामीटर मांडीच्या सगळ्यात जाड भागात, हाडाला न टेकवता खुपसा, मग छातीत. दोन्हीकडे १६५ अंश दिसायला हवेत. काही टर्कींना आधीच टोचलेलं प्लॅस्टिकचं बटण असतं, त्यावर भरवसा नको. छाती लवकर काळपट होऊ लागली तर तेवढ्याच भागावर फॉइल टाका.

टर्की बाहेर काढली की फॉइलने सैलसर झाकून ४० मिनिटं तशीच ठेवा. एकच ओव्हन असलेल्या घराला हीच वेळ उपयोगी पडते: ओव्हन ३५० वर करून स्टफिंग आणि कॅसरोल आत सरकवा.

तेवढ्यात बटाटे कुस्करा. दूध आणि लोणी गरम करूनच घाला आणि मिक्सर वापरू नका, बटाट्याचा चिकट लगदा होतो. मग ग्रेव्ही. पॅनमधला रस गाळून वरची चरबी काढा. चार चमचे चरबीत चार चमचे मैदा परता, लाडवाचं बेसन भाजताना असतं तितकं लक्ष ठेवून, खमंग वास येईपर्यंत. रस आणि स्टॉक मिळून दोन कप हळूहळू ओता, सतत ढवळा. मीठ शेवटी, कारण रस मुळातच खारट असतो. शाकाहारी ग्रेव्ही याच रीतीने लोणी आणि मशरूमच्या स्टॉकची करा आणि तिचा डाव वेगळा ठेवा.

कापताना आधी पाय सांध्यातून सोडवा. मग छातीचा अख्खा तुकडा हाडापासून उतरवून पाटावर आडवे काप करा. प्रत्येक कापाला थोडी कातडी मिळते.

उरलेलं मांस दोन तासांच्या आत फ्रीजमध्ये ठेवा आणि तीन-चार दिवसांत संपवा. सांगाडा फेकू नका. गाजर, कांदा आणि दहा-बारा मिरे घालून मंद आचेवर तीन तास उकळा. शुक्रवारच्या पुलावाला हाच स्टॉक घाला.