गायनग्रंथाचे सचित्र पान कसे वाचावे

इटलीतील सिएना कॅथीड्रलच्या पिकोलोमिनी ग्रंथालयात पिंतुरिक्किओच्या भित्तिचित्रांखाली, काचेआड, ग्रेगोरियन गायनाचे, म्हणजे ख्रिस्ती उपासनेतील जुन्या लॅटिन गायनाचे, मोठमोठे ग्रंथ उघडे मांडलेले आहेत. लिबेराले दा वेरोना आणि जिरोलामो दा क्रेमोना या चित्रकारांनी १४६० व १४७० च्या दशकांत ते रंगवले. पाहणाऱ्याची नजर साहजिकच चित्रावर खिळते. मात्र ग्रंथ ठेवायच्या एका उंच स्टँडभोवती उभ्या राहिलेल्या सगळ्या गायकांना दुरून वाचता यावे म्हणून हे ग्रंथ एवढे मोठे केले गेले, तेव्हा सुरुवात शब्दांपासून करावी.

प्रथम तांबड्या शाईतील ओळ शोधावी. गीत कोणत्या सणाचे, कोणत्या प्रसंगाचे, हे ती सांगते. मिस्साविधीची, म्हणजे चर्चमधील मुख्य उपासनेची, गीते असलेला ग्रंथ म्हणजे ग्रॅज्युअल, आणि दिवसभरातील प्रार्थनाप्रहरांच्या गीतांचा ग्रंथ म्हणजे अँटिफोनरी. त्यानंतर मोठे आद्याक्षर आणि त्यापासून सुरू होणारा शब्द वाचावा. ‘पुएर नातुस एस्त’ म्हणजे ‘बालक जन्मले आहे’. म्हणून नाताळच्या या गीताच्या ‘पी’ अक्षराच्या पोटात बहुधा गोठ्यातला बाळ येशू दिसतो. ईस्टरच्या ‘रेसुर्रेक्सी’ची, म्हणजे ‘मी उठलो आहे’ची, सुरुवात ‘आर’ने होते आणि त्यात थडग्यातून वर येणारा ख्रिस्त असतो. शब्द कळला की चित्र आपोआप उलगडते.

आता स्वरांकडे वळावे. स्वर चार आडव्या रेषांवर चौकोनांनी लिहिलेले असतात. या रेषांच्या आरंभी ‘सी’ किंवा ‘एफ’ या अक्षराचे चिन्ह असते आणि ते ज्या रेषेवर असेल तिच्या लगेच खाली अर्ध्या स्वराचे अंतर असते, जसे आपल्या शुद्ध नी आणि सा यांत किंवा शुद्ध ग आणि म यांत. पट्टी मात्र ठरलेली नसते. आपल्या षड्जाप्रमाणे ती गळ्याच्या सोयीने धरता येते. दोन चौकोन एकावर एक असतील तर खालचा आधी गावा. ओळीच्या शेवटी दिसणारी बारीक खूण गायची नसते. पुढच्या ओळीचा पहिला स्वर कुठे आहे, हे ती गायकाला आधीच दाखवते. इतक्या लहानशा खुणेत लेखनिकाची केवढी आस्था आहे!

सोने अगदी शेवटी पाहावे, तेही समोरून नव्हे, तर एका बाजूला सरकून. लेपाच्या उंचवट्यावर चढवून घोटलेला वर्ख तिरप्या प्रकाशात उजळतो.

एकोणिसाव्या शतकात अनेक ग्रंथांतील आद्याक्षरे कापून विकली गेली. असा सुटा तुकडा पाहताना संग्रहालयाच्या संकेतस्थळावर त्याच्या मागच्या बाजूचे छायाचित्र मिळाले, तर ते जरूर पाहावे. तेथे उरलेल्या चार-दोन स्वरांवरून आणि अर्ध्यामुर्ध्या शब्दांवरून कित्येकदा मूळ पानाचा माग लागतो.