दोन ट्यूनरच्या रेकॉर्डरसाठी छत्री, एलएनबी आणि वायर

रेकॉर्डर दोन ट्यूनरचा, म्हणजे एका वेळी दोन चॅनल पकडणारा आणला, पण छत्रीवरून जुनी एकच वायर खाली येत असेल, तर एक चॅनल रेकॉर्डिंगला लावून दुसरा बघायला गेलं की ‘नो सिग्नल’ येतो. बॉक्स बदलून उपयोग नाही. घोळ वर गच्चीवर असतो.

कोणते चॅनल हवेत हे बॉक्स त्याच वायरमधून वीज पाठवून एलएनबीला, म्हणजे छत्रीसमोरच्या दांड्यावरच्या सिग्नल पकडणाऱ्या डबीला सांगतो. १३ व्होल्ट म्हणजे व्हर्टिकल (उभ्या लहरी), १८ व्होल्ट म्हणजे हॉरिझॉन्टल (आडव्या लहरी). सोबत २२ किलोहर्ट्झचा टोन असेल तर वरचा बँड (फ्रीक्वेन्सीचा पट्टा), नसेल तर खालचा. असे चार गट होतात आणि एका वायरवर एका वेळी त्यांतला एकच उतरतो. म्हणून दोन ट्यूनरना दोन वायरी लागतात, आणि त्याही एलएनबीच्या दोन स्वतंत्र तोंडांपासून, म्हणजे वायर जोडायच्या जागांपासून. मध्ये एका वायरच्या दोन करणारा स्प्लिटर टाकून भागेल असं सांगणारे भेटतात. पण एका ट्यूनरने १३ आणि दुसऱ्याने १८ मागितले की वर १८च पोचतात आणि पहिल्याचे चॅनल गायब होतात.

एलएनबी घेताना डब्यावरच्या नावापेक्षा तोंडं मोजा. ‘ड्युअल’ म्हणून मिळणाऱ्या काहींना तोंड एकच असतं. तिथे ड्युअल हा शब्द बँडसाठी असतो. ट्विनला दोन स्वतंत्र तोंडं, क्वाडला चार. पुढेमागे दुसऱ्या खोलीत टीव्ही येणार असेल तर सरळ क्वाड घ्या आणि रिकाम्या तोंडांना रबरी टोपी घाला. क्वाट्रो मात्र नको. तोंडं चारच, पण प्रत्येकातून एक ठरलेला गट येतो, आणि मल्टिस्विचशिवाय, म्हणजे ते चार गट अनेक बॉक्सना वाटणाऱ्या डब्याशिवाय, ते बिनकामाचं. दुसरी वायर ओढणं अशक्यच असेल तर युनिकेबल एलएनबी आहे, एका वायरवर दोन्ही ट्यूनर चालतात. मात्र रेकॉर्डरच्या मेनूत युनिकेबल किंवा एससीआर (त्याचंच दुसरं नाव) हा पर्याय आधी बघून घ्या. ‘नॉइज ०.१ डीबी’ या छापील आकड्यासाठी जादा पैसे मोजू नका.

एलएनबी युनिव्हर्सल, म्हणजे ९७५०/१०६०० असावा: येणाऱ्या फ्रीक्वेन्सीतून खालच्या बँडला ९७५० आणि वरच्या बँडला १०६०० मेगाहर्ट्झ वजा करून तो सिग्नल खाली पाठवतो. डीडी फ्री डिशच्या ११०९० मेगाहर्ट्झच्या ट्रान्सपाँडरचं (उपग्रहावरून एका फ्रीक्वेन्सीवर अनेक चॅनल पाठवणाऱ्या यंत्राचं) उदाहरण घ्या. ११०९० वजा ९७५० म्हणजे १३४०, आणि ट्यूनर ९५० ते २१५० एवढंच ऐकतो, त्यामुळे काम झालं. एलएनबी फक्त १०६०० चा असेल तर उरतात ४९०. मग छत्री कितीही नेमकी लावा, चॅनल येणार नाही.

छत्री ६० सेंटीमीटरची सहसा पुरते. कोकणात किंवा घाटमाथ्यावर, जिथे पाऊस तासन्‌तास कोसळतो, तिथे ९० ची घ्या. क्षेत्रफळ सव्वादोनपट होतं आणि सरीत चित्र तुटायचं प्रमाण कमी होतं. पार काळोखून आल्यावर तीही हात टेकते. छत्री मोठी घेतली की वाऱ्याचा मारही वाढतो, तेव्हा पाइप जाड हवा. वॉटरप्रूफिंग केलेल्या स्लॅबला भोक पाडू नका, पॅरापेट वॉलला बोल्ट मारा आणि पाइप ओळंब्यात आहे ना ते बघा. पाइप तिरका असेल तर उंचीच्या पट्टीवरचे अंश खोटे ठरतात.

फ्री डिशचा जीसॅट-१५ हा उपग्रह ९३.५ अंश पूर्वेला आहे. मुंबईतून तो आग्नेयेला, उत्तरेपासून सुमारे १३१ अंशांवर, क्षितिजापासून साधारण ५७ अंश उंच. म्हणजे पाच मीटरवरची भिंत छत्रीपेक्षा साडेसात मीटरहून उंच नसेल तर आड येत नाही. आड येतो तो वरच्या मजल्याच्या बाल्कनीचा स्लॅब. ऑफसेट छत्री (जिचा एलएनबी मध्यावर नसून खालच्या बाजूला असतो ती) ५७ अंश झुकलेली दिसत नाही, तेव्हा डोळ्याच्या अंदाजाने आणखी मागे ढकलू नका. दिशा मिळाली की एलएनबीचा क्लॅम्प सैल करून तो थोडाथोडा फिरवा, दर वेळी दोन-तीन सेकंद थांबा. बॉक्सच्या सिग्नल मेनूत स्ट्रेंग्थ बघू नका, क्वालिटी बघा.

वायर आरजी-६, ७५ ओहम, आतली तार शुद्ध तांब्याची. तांब्याचा मुलामा दिलेली पोलादी तार स्वस्त पडते, पण लांब ओढली की व्होल्टेज गळतं आणि १८ चे चॅनल अधूनमधून जातात. दोन्ही वायरी वरपासून खालपर्यंत सलग असू द्या, मध्ये जोड नको, आणि दोन्ही टोकांना १ आणि २ अशी खूण करा.

वायरच्या टोकाला एफ कनेक्टर (फिरवून घट्ट करायचं धातूचं टोक) बसवण्याआधी बॉक्सचा प्लग काढा. वरचं प्लास्टिक सोला, जाळी मागे दुमडा, पांढरं इन्सुलेशन कनेक्टरच्या आतल्या काठाशी समतल येऊ द्या, आणि मधली तार कडेबाहेर एक-दोन मिलिमीटर ठेवा. आता उजेडात धरून बघा: जाळीचा एक केस जरी तारेला टेकला तरी शॉर्ट होतो आणि बॉक्स ‘एलएनबी शॉर्ट’ दाखवतो. बाहेरच्या कनेक्टरवर सेल्फ-अमाल्गमेटिंग टेप (स्वतःलाच चिकटून एकजीव होणारी रबरी टेप) गुंडाळा, खाली वायरचा झोल सोडा, म्हणजे पाणी थेंब होऊन तिथूनच गळतं. नाहीतर पहिल्याच पावसात ते जाळीतून थेट बॉक्सपर्यंत येतं.

शेवटची तपासणी: मेनूत ‘दोन केबल’ निवडा. मग एका ट्यूनरवर व्हर्टिकल चॅनल रेकॉर्डिंगला लावून दुसऱ्यावर हॉरिझॉन्टल बघा, आणि उलटंही करून बघा. एकाच बाजूने अडलं तर वर एलएनबीवर दोन वायरींची अदलाबदल करा. दोष दुसऱ्या ट्यूनरकडे सरकला तर एलएनबीचं ते तोंड गेलंय. जागेवरच राहिला तर वायर, कनेक्टर नाहीतर तो ट्यूनर.