पत्र्याच्या छपराच्या फटी फोमने कशा बंद करायच्या, आणि कुठे हात लावायचा नाही

पत्रा असतो नागमोडी आणि त्याच्यावर बसते ती रिज कॅप, म्हणजे छपराच्या माथ्यावरची (रिजवरची) टोपी, सपाट, सगळी भानगड इथेच सुरू होते. कॅप उंचवट्यांवर टेकते आणि दर दोन उंचवट्यांच्या मधे एक फट उघडी राहते, एवढी की पाल काय उंदीरही आरामात आत जाईल. सरळ पडणारा पाऊस तिथून येत नाही, पण वारा सुटला की झड उताराच्या उलट वर चढते आणि कॅपखालून थेट आत. या फटी बुजवायला पत्र्याच्याच आकारात कापलेल्या फोमच्या पट्ट्या मिळतात, त्याला कुणी फोम क्लोजर म्हणतं कुणी फोम फिलर, वस्तू एकच.

आता एक गोष्ट आधीच सांगून टाकतो, कारण बहुतेक लोक इथेच फसतात. फोम एकट्याने पाणी अडवत नाही. फोम वारा अडवतो, आणि वाऱ्याबरोबर येणारं पाणी त्यामुळे थांबतं. पण फोम आणि पत्रा यांच्या मधे जी केसाएवढी फट राहते तिथून पाझरणारं पाणी अडवायचं काम ब्यूटाइल टेपचं, म्हणजे तो चिकट, च्युइंगमसारखा काळा-करडा पट्टा. टेप न लावता नुसता फोम कोंबला तर किडे-पाखरं थांबतील, गळती थांबेलच असं नाही.

आधी खात्री करा की गळती तिथलीच आहे

वर चढायच्या आधी आतून बघा. फक्त वाऱ्याच्या पावसात गळत असेल आणि शांत मुसळधार पावसात नसेल तर रिज किंवा भिंतीलगतच्या फ्लॅशिंगखालच्या (भिंत आणि पत्रा यांचा सांधा झाकणाऱ्या पट्टीखालच्या) फटींवर संशय घ्यायला हरकत नाही. उलट असेल, म्हणजे वारा नसतानाही धो-धो पावसात गळत असेल, तर बहुतेक स्क्रूचे वॉशर गेलेत, ओव्हरलॅप कमी आहे नाहीतर पन्हळ तुंबलीय, आणि तिथे फोम लावून काहीही होणार नाही. आणि पाऊस नसतानाच थंडीच्या पहाटे थेंब पडत असतील तर ती गळतीच नाही, आतली दमट हवा थंड पत्र्याला लागून पाणी होतंय. अशा छपराच्या फटी गच्च बंद केल्या तर हवा अजून कोंडते आणि थेंब वाढतात, म्हणजे पैसे खर्चून त्रास विकत घेतल्यासारखं.

थेंब पडतो त्याच्या बरोबर वर भोक असेल असं धरून चालू नका, पाणी परलिनवरून, म्हणजे पत्र्याला खालून आधार देणाऱ्या आडव्या पट्टीवरून, लांब वाहत जातं आणि मग कुठेतरी टपकतं. होज पाइपने तपासायचं असेल तर खालून सुरुवात करा, एका पट्ट्यात पाच-दहा मिनिटं पाणी सोडा, आत एक जण उभा करा, मग थोडं वर सरका. वरून सुरू केलं तर सगळंच ओलं होतं आणि काही कळत नाही.

आतला की बाहेरचा

क्लोजर दोन प्रकारचे. बाहेरचा म्हणजे पत्र्याच्या वर बसणारा, त्याची वरची बाजू सपाट आणि खालची पत्र्याच्या आकाराची, तो खोलगट भाग भरतो. हा रिज कॅपखाली, भिंतीच्या फ्लॅशिंगखाली लागतो. आतला म्हणजे पत्र्याच्या खाली बसणारा, खालून सपाट आणि वर आकार, तो उंचवट्याच्या पोटातली पोकळी भरतो, हा वळचणीला लागतो. साध्या गोल पन्हळी पत्र्यात दोन्ही जवळपास सारखेच दिसतात, पण चौकोनी उंचवट्याच्या पत्र्यात अजिबात चालत नाहीत एकमेकांच्या जागी, कारण उंचवटा अरुंद असतो आणि खोलगट भाग रुंद. ऑर्डर देताना "क्लोजर द्या" एवढंच म्हटलं की हमखास चुकीचं येतं.

माप घेताना चार गोष्टी लिहून घ्या: एका उंचवट्याच्या मध्यापासून दुसऱ्याच्या मध्यापर्यंतचं अंतर, उंची, उंचवट्याची वरची रुंदी आणि खालची रुंदी. मधल्या सपाट भागात बारीक रेघा उठवलेल्या असतील तर त्यांचीही नोंद करा, लोक त्याच विसरतात. ७६ मिमी अंतर आणि १८-१९ मिमी खोली हा गोल पन्हळी पत्र्याचा फार जुना नेहमीचा आकार, पण "आपला तोच असेल" असं धरून चालू नका, दोन कंपन्यांच्या एकसारख्या दिसणाऱ्या पत्र्यांत दोन-तीन मिमीचा फरक असतो आणि पाच-सहा उंचवट्यांनंतर तो इतका साठतो की पट्टी बसतच नाही. सगळ्यात सोपं म्हणजे पत्र्याचा कापलेला तुकडा सोबत न्यायचा. तो नसेल तर पुठ्ठा पत्र्याच्या टोकाला धरून आकार आखा, कापा, पत्र्यावर ठेवून बघा आणि तोच पुठ्ठा दाखवा.

हिशोब असा: रिज १२ मीटर असेल तर दोन्ही बाजू मिळून २४ मीटर फोम. एक पट्टी साधारण मीटरभराच्या आसपास असते, दोन-तीन पट्ट्या जास्त घ्या. ब्यूटाइल त्याच्या दुप्पट, कारण फोमच्या खाली एक थर आणि वर एक, आणि खालचा थर उंचवट्यांवरून चढत-उतरत जातो म्हणून त्याला आणखी १०-१५ टक्के जास्त धरा.

फोम कुठला

बंद पेशींचा घ्या, म्हणजे ज्यात पाणी मुरत नाही असा. पॉलिथिलीनचा स्वस्त असतो आणि कॅपखाली सावलीत राहणार असेल तर छान चालतो. ईपीडीएम रबराचा महाग पण ऊन आणि उष्णता जास्त सोसतो, कडा जिथे उघड्या राहणार तिथे तोच बरा. गादीतल्या स्पंजसारखा उघड्या पेशींचा साधा फोम अजिबात नको, तो पाणी पितो आणि पत्र्याला चिकटून दिवसेंदिवस ओला राहतो, मग गंज तिथूनच. शंका असली तर तुकडा पाण्यात बुडवून दाबा, सोडा, बाहेर काढून पिळा. पाण्याची धार लागली तर परत करा.

आणि तो डब्यातला फवारायचा पिवळा फोम, ज्याने खिडक्यांच्या चौकटी भरतात, तो रिजखाली मारायचा मोह होतो कारण पाच मिनिटांत काम होतं. माझं मत विचाराल तर नकोच. उन्हात त्याचा भुगा होतो, पत्रा हलला की तो सुटतो, पाणी त्याच्या मागे अडकतं आणि पुढच्या वेळी कॅप काढायची वेळ आली की खरवडता खरवडता जीव जातो.

पत्रा हलतो हे खरंच आहे. स्टीलचा १० मीटरचा पत्रा तापमानात ५० अंशांचा फरक पडला की साधारण ६ मिमी लांब-आखूड होतो, अॅल्युमिनियमचा तर जवळपास दुप्पट. रात्रीचा थंड पत्रा आणि दुपारचा तापलेला पत्रा यात एवढा फरक सहज पडतो, म्हणून सिमेंट, एम-सील असलं कडक काही लावलं की ते तडकतं. फोम आणि ब्यूटाइल त्याच्याबरोबर सरकतात.

सिलिकॉन लावायचंच असेल कुठे कोपऱ्यात, तर न्यूट्रल क्युअर लिहिलेलं घ्या. ज्याला व्हिनेगरसारखा आंबट वास येतो ते सुकताना आम्ल सोडतं आणि जस्ताचा थर खातं.

रिजवर बसवायची पद्धत

पत्रा कोरडा आणि गार असताना, म्हणजे सकाळी उशिरा, दव सुकल्यावर. ओल्या पत्र्यावर चढू नका, घसरला तर वाचवायला काही नसतं, रबरी तळव्याचे बूट आणि कमरेला हार्नेस असू द्या. पाय खोलगट भागात आणि जिथे स्क्रूची ओळ आहे तिथेच टाका, खाली परलिन असते. छपरात उजेडासाठी पारदर्शक पत्रे किंवा जुने सिमेंटचे पत्रे असतील तर त्यांच्यावर वजन अजिबात नाही.

कॅपचे स्क्रू काढायच्या आधी कॅपची कड कुठे येते ती रेघ दोन्ही बाजूंना आखून घ्या. खडू किंवा मार्कर वापरा, शिसपेन्सिल नको, जस्त-अॅल्युमिनियम मुलामा असलेल्या पत्र्यावर पेन्सिलीच्या रेघेवर गंज धरतो, ऐकायला विचित्र वाटतं पण खरं आहे. कॅप काढली की वरच्या टोकाला खोलगट भागाचा पत्रा पकडीने वर वळवलेला आहे का बघा. नसेल तर आत्ताच वळवा, हळूहळू, पत्रा फाटणार नाही असा. ही जुनी युक्ती आहे, फोम उद्या खराब झाला तरी वाऱ्याने चढलेलं पाणी त्या वळवलेल्या काठाला अडतं. कमी उताराच्या छपराला तर हे केल्याशिवाय पुढे जाऊच नका.

मग साफसफाई, आणि इथे आळस केलात तर बाकी सगळं फुकट. जुनं सिलिकॉन प्लास्टिकच्या पट्टीने खरवडा, धूळ कोरड्या फडक्याने, मग स्पिरिटच्या फडक्याने पुसा, सुकू द्या. ब्यूटाइल धुळीला चिकटतं, पत्र्याला नाही.

कॅपच्या कडेच्या रेघेपासून वर, म्हणजे आतल्या बाजूला, २५ ते ४० मिमीवर दुसरी रेघ. फोमची बाहेरची कड या रेघेवर. फोम कॅपच्या बाहेर डोकावता कामा नये, ऊन लागलं की कुरतडल्यासारखा होतो. पण फार आतही नको, कारण कॅपचे स्क्रू फोममधून आणि टेपमधून गेले पाहिजेत, तेव्हाच ते दाबून बसतात.

आता ब्यूटाइलचा पहिला थर पत्र्यावर. टेप ताणायचा नाही. ताणला की तो पातळ होतो आणि नंतर मागे आकसतो, आणि आकसतो तो नेमका उंचवट्याच्या कोपऱ्यात, जिथे पाणी यायचं असतं. कोपऱ्याकोपऱ्यात बोटाने दाबत जा. वरचा कागद काढून फोमची पट्टी बसवा, पट्ट्यांच्या टोकांना एकमेकांत अडकणारे दात असतील तर ते नीट अडकवा, नसतील तर टोकं चिकटून ठेवा आणि जोडावर टेपचा तुकडा. फोम कापायला धारदार कटर, थोडा जास्त लांब कापून दाबून बसवायचा, कमी पडला तर ताणायचा नाही. मग फोमच्या सपाट पाठीवर दुसरा थर, सलग सरळ.

कॅप ठेवा, आखलेल्या रेघांवर जुळवा. कॅपला जुनी भोकं असतील आणि ती फोमवर येत असतील तर तीच वापरा, पण थोडे जाड स्क्रू घ्या. स्क्रू उंचवट्यावरच मारायचा, खोलगट भागावर मारला तर कॅप खाली बसते आणि तिथे पाणी साचायला वाटी तयार होते. वॉशर कडेने थोडासाच फुगला की थांबा. मशीनचा जोर कमी ठेवा, वॉशर चिरडून बाहेर आला की तो स्क्रू उद्याची गळती. फोम थोडा दबलेला हवा, पार चपटा नको. दोन स्क्रूंच्या मधे कॅप वर उचललेली दिसली तर तिथे आणखी एक.

काम झालं की ड्रिलचा लोखंडी चुरा झाडून घ्या, एका पावसात त्याचे गंजाचे डाग पडतात.

वळचणीला

इथे फोम पत्र्याखाली जातो, म्हणून नवीन छपरात पत्रा टाकायच्या आधी बसवायचा. जुन्या छपरात खालच्या ओळीचे स्क्रू सैल करा, पत्रा दोन बोटं उचला आणि पुढून सरकवा. भिंतीच्या रेषेत बसू द्या, पत्र्याच्या अगदी कडेला नको, पागोळ्यांचं पाणी कडेवरून उलटं खाली वळून फोमला लागतं. पण एक विचार करा, छपराला हवा कुठून जाते? आत जाणारी हवा वळचणीच्या फटीतूनच येत असेल तर तिथे हवा खेळेल असा छिद्रांचा क्लोजर घ्या, आणि रिजलाही तसाच. एकीकडे हवेशीर आणि दुसरीकडे गच्च असं केलं तर हवा फिरत नाही. पत्र्याखाली मेंब्रेन (पाणी अडवणारा पातळ पडदा) असेल तर त्यावर जमलेलं पाणी वळचणीतूनच बाहेर पडतं, ती वाट बुजवू नका.

उंदरांचा उपद्रव असेल तर नुसता फोम ते कुरतडतात, त्याच्या पुढे पत्र्याची जाळीदार पट्टी लावा.

वाकड्या जागा

दोन उतार बाहेरच्या बाजूला जिथे तिरके मिळतात तिथे पत्रा तिरका कापलेला असतो आणि तयार आकार जुळत नाही, कितीही ताणा. तिथे फुगणारा फोम टेप वापरा, दाबून गुंडाळलेला येतो आणि उघडल्यावर हळूहळू फुगून फट भरतो, म्हणून लावल्यावर लगेच कॅप बसवा. थंडीत फुगायला जास्त वेळ घेतो. व्हॅलीत, म्हणजे दोन उतारांच्या मधल्या पन्हळीत, फोम पत्र्याच्या कापलेल्या कडेपासून चांगला मागे ठेवा. पुढे आला तर कचरा अडतो, पाणी तुंबतं आणि पत्र्याखाली उलटं शिरतं.

बाजूच्या ओव्हरलॅपला क्लोजर लागतच नाही, तिथे पाणी दोन पत्र्यांच्या चिकटलेल्या फटीत ओढलं जातं, त्याला फक्त ब्यूटाइल. आणि चिमणीचा किंवा गरम धुराचा पाइप जातो तिथे फोम ठेवू नका, तो पेटतो, त्यासाठी जास्त उष्णता सोसणारी सिलिकॉनची टोपी मिळते.

बंद करायच्या आधी आत पाखराचं घरटं, वटवाघूळ, गांधीलमाशांचं पोळं काही आहे का ते टॉर्च मारून बघा. पिल्लं असतील तर ती उडेपर्यंत थांबा.

होजचा प्रयोग काम झाल्यावर परत करा, या वेळी पाणी वर फेकून, उताराच्या उलट, झडीसारखं. एक पावसाळा झाला की चार-पाच स्क्रूचे वॉशर आणि फोमच्या दोन-तीन कडा हाताने तपासा, बोट लावल्यावर भुगा निघाला तर तेवढीच पट्टी बदला.