प्रतिबंधित हवाई क्षेत्राजवळ ड्रोन उडवताना या चुका टाळा

ॲपवर लाल वर्तुळ नाही म्हणजे आकाश मोकळं, हा समज सर्वांत धोक्याचा. २१ सप्टेंबर २०१७ रोजी न्यूयॉर्कच्या स्टेटन आयलंडजवळ एक हौशी ड्रोन लष्कराच्या ब्लॅक हॉक हेलिकॉप्टरवर आदळला. तिथे तात्पुरती उड्डाणबंदी होती, पण ड्रोनवाल्याला तिचा पत्ताच नव्हता. त्याची भिस्त ॲपवर होती आणि ड्रोन चार किलोमीटर दूर, नजरेबाहेर गेला होता. मुख्य रोटरचं पातं खराब होऊनही हेलिकॉप्टर सुखरूप उतरलं, हे नशीब.

म्हणून विमान वाहतूक प्राधिकरणाचा अधिकृत नकाशा आणि नोटॅम (वैमानिकांसाठीच्या तात्पुरत्या सूचना) उड्डाणाच्या दिवशीच पाहा. तात्पुरती बंदी काल नसते, आज असते. नोटॅममधल्या वेळा यूटीसीमध्ये, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेत असतात, इथेच बरेच जण चुकतात. २६०३१४०९३० म्हणजे १४ मार्च २०२६, यूटीसी ०९:३०. बंदी संपण्याची ही वेळ आपल्या घड्याळातले साडेनऊ समजून चाललात, तर बंदी सुरू असतानाच ड्रोन वर जाऊ शकतो.

ॲपमध्ये झोन अनलॉक झाला की काम झालं, असंही नाही. कंपनी फक्त सॉफ्टवेअरचं कुलूप काढते. परवानगी द्यायची ती त्या हवाई क्षेत्राची जबाबदारी असलेल्या यंत्रणेनेच.

स्क्रीनवरची उंची टेक-ऑफच्या जागेपासून मोजलेली असते. टेकडीवरून उडवून ड्रोन दरीवर नेला की आकडा ६० मीटर दाखवतो, पण खालची जमीन आणखी १०० मीटर खोल असली तर तो जमिनीपासून १६० मीटरवर असतो. अनेक देशांत हौशी उड्डाणाची कमाल मर्यादा साधारण १२० मीटर आहे, आणि विमानतळाजवळ ती याहून बरीच कमी असू शकते.

रिटर्न-टू-होमची (ड्रोन आपोआप परत बोलावण्याच्या सोयीची) उंची न तपासणं ही आणखी एक चूक. बहुतेक ड्रोन आधी ठरलेल्या उंचीवर चढतात आणि मग सरळ रेषेत घरी येतात. ती रेषा बंदीच्या हद्दीतून जाते का, हे आधीच बघा. हेलिकॉप्टरचा आवाज आला तर रिटर्न-टू-होमचं बटण अजिबात दाबू नका. ड्रोन त्याच्याच दिशेने वर चढेल. स्टिक खाली ओढून थेट उतरवा.

२५० ग्रॅमच्या आतला ड्रोन निरुपद्रवी नसतो. जानेवारी २०२५ मध्ये लॉस एंजेलिसच्या वणव्यावर पाणी टाकणाऱ्या विमानाच्या पंखाला अशाच छोट्या ड्रोनने भोक पाडलं आणि ऐन आगीत विमान दुरुस्तीसाठी थांबवावं लागलं.

जीपीएस लॉकआधी, म्हणजे ड्रोनला उपग्रहांवरून स्वतःची जागा कळण्याआधी उड्डाण केलं आणि लॉक बंदीच्या हद्दीत मिळाला, तर काही ड्रोन स्वतःहून उतरू लागतात, मग खाली पाणी असो वा रस्ता. म्हणून होम पॉइंट (ड्रोनने परत यायची जागा) नोंदला गेल्याशिवाय उडवू नका.

ड्रोन ताब्याबाहेर जाऊन विमानतळाच्या दिशेने निघाला, तर त्याच्यामागे धावू नका. आधीच जतन केलेल्या क्रमांकावर हवाई वाहतूक नियंत्रण कक्षाला लगेच कळवा: शेवटचं ठिकाण, उंची, दिशा, वेग आणि बॅटरी किती मिनिटं पुरेल.